मच्छेच्या टेबलावरचे पाणी

बाळगोंडा मगदूमने शर्यतीचा पंच व्हायचे कबूल केले, त्याला एकच कारण होते. एखाद्या गोऱ्या धावपटूला त्याच्या तोंडावर 'बाद' म्हणायची संधी त्याला हवी होती. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. पण अकोळपासून निपाणीपर्यंत ज्यांना त्याची हकीकत ठाऊक होती, त्यांना ते न सांगताच कळले होते.

हकीकत अशी. अकोळला मगदूमांची तंबाखूची शेती. बाळगोंडाचा चुलता आप्पाण्णा याला बैलगाडीच्या शर्यतींचा नाद होता. शर्यतीत गाडीच्या बरोबरीने एक माणूस पळत असे. बैल बुजले तर त्यांना आवरणे हे त्याचे काम. आप्पाण्णाच्या गाडीबरोबर बाळगोंडा पळायचा. लोक बैल बघायला यायचे आणि परत जाताना पळणाऱ्या पोराबद्दल बोलायचे. हे बोलणे निपाणीहून बेळगावला आणि बेळगावहून मुंबईला गेले. १९२९ साली इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावी निरनिराळ्या देशांच्या धावपटूंची लांब पल्ल्याची शर्यत भरली, तिला हिंदुस्थानातून दोघे गेले. त्यांतला एक बाळगोंडा.

निघण्याआधी त्याच्या आईने, राजमतीने, त्याला बस्तीत, म्हणजे जैन देवळात, नेले. देवासमोर उभे करून त्याला नेम घ्यायला लावला : परक्या मुलखात काय वाटेल ते होवो, न गाळलेले पाणी तोंडात घ्यायचे नाही. जैन घरात यात नवल काहीच नव्हते. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके बांधून पाणी गाळणे हे तिथे रोजच्या चूल पेटवण्यासारखेच. बोटीवर बाळगोंडाने नेम पाळला. शर्यतीच्या दिवसाचा मात्र प्रश्न होता. वाटेवरच्या टेबलांवर पाणी असणार, पण ते गाळलेले कोण ठेवणार? निपाणीच्या एका वखारवाल्याचा मुलगा बाबगोंडा तिकडे डॉक्टरी शिकत होता. त्याने सांगितले, मी स्वतः गाळून तांब्यात घेतो आणि वाटेत उभा राहतो.

नियम दोघांनीही वाचला होता. 'धावपटूने वाटेत बाहेरच्या माणसाची मदत घेऊ नये.' बाबगोंडाने त्याचा अर्थ लावला : कुणी हाताला धरून ओढू नये, सायकलवर घेऊ नये, औषध पाजू नये. पाणी त्यात येते, हे दोघांपैकी कुणाच्याच मनात आले नाही. त्यांच्या गावात दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग भांडण काढतात. पाणी देणे ही मदत असते, हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

बाळगोंडा तिसरा आला. पण तो येण्याआधीच त्याच्या नावापुढे लाल खूण पडली होती, कारण वाटेतल्या पंचाने तांब्या पाहिला होता. त्याच्या पुढे दुसरा आलेला धावपटू इंग्लंडचाच. त्याच्या शिक्षकाने सायकलवरून त्याला ओला स्पंज दिला होता आणि बाटलीतून काहीतरी पाजले होते. ते रस्त्याकडेच्या सगळ्या लोकांनी पाहिले. बाबगोंडाने तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, की तो त्याचा नेहमीचा शिक्षक आहे आणि तशी वहिवाट आहे. मग एका पंचाने बाळगोंडाला विचारले, "टेबलावरचे पाणी तुला का चालले नाही? तेच पाणी आमचे मेयर पितात." बाबगोंडाने नेमाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण ती पुरी ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात आले, की हिंदी लोकांना नियमाने खेळायला शिकण्यास अजून बराच काळ लागेल.

बेळगावात मात्र त्याचे जंगी स्वागत झाले. स्टेशनवर हार, लष्करी कॅम्पाजवळच्या मैदानावर सभा. टिळकवाडीचे नाडगौडा वकील त्या दिवशी फार चांगले बोलले. "तहानलेल्याला पाणी देण्याला जे लोक लबाडी म्हणतात," ते म्हणाले, "त्यांच्याकडून आपल्याला न्याय शिकायचा नाही." टाळ्या बराच वेळ चालल्या.

ते दिवस लवकर ओसरले. दोन वर्षांत निपाणीच्या बाजारात बाळगोंडाचे नाव 'तांब्या' पडले. तो वखारीवरून चालला की एखादा हमाल कानडीत हाक द्यायचा, "काय तांब्या, नीर बेकेन?" पाणी हवे का, असे विचारल्यावर हसणे ठरलेलेच. ज्यांनी हार घातले होते, तेही पारावर बोलू लागले : "येवढं सोवळं हुतं तर साता समुद्रापल्याड गेलाच कशाला? घोटभर पानी पेला असता तर पदक आलं असतं की गावाला." बाळगोंडाने उत्तर देणे सोडले. पळणेही सोडले.

राजमतीने लेकाला त्या शर्यतीबद्दल कधी विचारले नाही. फक्त एक बदल झाला. ती पाणी गाळायला बसली आणि बाळगोंडा घरात असला, तर त्याच्याकडे पाठ करून बसायची.

१९३७ च्या फेब्रुवारीत बेळगावच्या कॅम्पाने आणि शहराने मिळून एक शर्यत ठरवली. कॅम्पाजवळच्या त्याच मैदानावरून निघायचे, टिळकवाडीतून खानापूरच्या रस्त्याला लागायचे, मच्छेवरून देसूरला जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. विजेत्याला चांदीचा पेला. पलटणीकडून कॉर्पोरल डॉसन उतरणार होता; तो विलायतेत असताना आपल्या देशातर्फे फ्रान्सात आणि बेल्जमात पळून आला होता. शहराची सगळी आशा येळ्ळूरच्या भरमू पाटलावर होती. भरमू बेळगावात एका कचेरीत शिपाई होता आणि रोज येळ्ळूरहून कामाला पळत यायचा.

नाडगौडा वकील शर्यतीचे चिटणीस होते. निवडणुकीच्या धामधुमीतही ते सर्व्हिस मोटारीने मुद्दाम अकोळला आले.

"मच्छेचं टेबल तुम्ही सांभाळायचं," ते बाळगोंडाला म्हणाले. "नियम मी लिहिलाय. तुम्हाला ज्या वाक्यानं बाद केलं, तेच वाक्य घातलंय. शब्दसुद्धा बदललेला नाही."

"साहेबांनी मान्य केलं?"

"पलटणीचे मेजर स्वतःच म्हणाले, पंचाचा शब्द शेवटचा. पंचानं लाल झेंडा वर केला, की मैदानावर येऊन सांगायचं. मग पुढं कुणी बोलायचं नाही."

बाळगोंडाने विचारले, "आणि आपल्यातल्या कुणी नियम मोडला तर?"

"आपला कोण मोडतोय?" वकील हसून म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी बाळगोंडाने मच्छेच्या विहिरीचे पाणी आणवले आणि सवयीने घागरींच्या तोंडांवर फडकी बांधून ते गाळले. टेबलावर पेले मांडले. लाल झेंडा काखेत धरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना येळ्ळूरची, पिरनवाडीची आणि मच्छेची माणसे दाटीने उभी होती.

पहिला दिसला डॉसन. उंच, हडकुळा, खांदे न हलवता पळणारा. त्याचे पळणे पाहून बाळगोंडाला नकळत बरे वाटले. पाय कसे टाकायचे हे त्या माणसाला कुणीतरी नीट शिकवले होते. बाळगोंडाने पेला भरून पुढे केला.

"घ्या साहेब. गाळलेलं हाय."

डॉसनने तळहात वर करून नको म्हटले आणि तो पुढे गेला.

"साहेबाला आपली घागर चालत न्हाय गा," गर्दीतला एकजण म्हणाला.

"सोडा लागतोय त्येला, सोडा!"

लोक हसले. बाळगोंडाने पेला परत टेबलावर ठेवला. आपण इतक्या निगुतीने गाळलेले पाणी त्या माणसाने साधे पाहिलेही नाही, हे त्याला लागले.

मग भरमू आला. त्याने टेबलावरचा एक पेला पिऊन दुसरा डोक्यावर ओतला. तो पुढे सरकतो तोच गर्दीतून त्याची चुलती मालुबाई पदर खोचून रस्त्यावर आली. तिच्या हातात ताकाचा गडू होता.

"भरम्या, घे रं! घसा सुकलाय बग कसा!"

"चुलते, सर बाजूला!"

"पी म्हनते न्हवं!"

ती गडू धरून त्याच्याबरोबर चार ढांगा पळाली. भरमूने पळता पळता ताक घशात ओतले, गडू तिच्याकडे टाकला आणि पुढे गेला. मालुबाईच्या लुगड्यावर ताक सांडले होते. सगळा रस्ता हसत होता. बाळगोंडाही हसला. झेंडा त्याच्या काखेतच होता.

देसूरहून धावपटू परत फिरले तोवर ऊन चढले होते. डॉसन अजून पुढे होता, पण आता त्याचे खांदे हलत होते. भरमू त्याच्यामागे एका शेताच्या अंतरावर. डॉसन टेबलाजवळ आला आणि या खेपेलाही त्याने पेल्याकडे पाहिले नाही. त्याच वेळी पिरनवाडीच्या बाजूने एक सोल्जर सायकलवरून आला. त्याच्या खांद्यावर कापडात शिवलेली लष्करी बाटली होती. त्याने ती डॉसनच्या हातात दिली. डॉसनने चार घोट घेतले, बाटली परत दिली आणि तो पळत राहिला.

बाळगोंडाने झेंडा वर केला.

तो इतक्या जोराने वर गेला, की घामाने काठी त्याच्या मुठीत फिरली. आठ वर्षांपूर्वी परक्या रस्त्यावर त्याने असाच एक झेंडा वर गेलेला पाहिला होता. तेव्हा तो कशासाठी, हे त्याला कळले नव्हते. आता सगळ्यांना कळले. लोकांनी एकच ओरडा केला. कुणीतरी ओरडले, "हाण तांब्या!" आणि त्या नावाला पहिल्यांदाच टाळ्या पडल्या.

मागचे धावपटू मच्छेवरून गेल्यावर बाळगोंडा समितीच्या मोटारीने मैदानावर पोचला तेव्हा शर्यत संपली होती. डॉसन पहिला आला होता. भरमूने शेवटच्या वळणावर त्याला जवळजवळ गाठले होते, पण छातीभर अंतर राहिले. तरी लोकांनी भरमूलाच खांद्यावर घेतले होते. मच्छेची बातमी सायकलस्वारांनी आधीच आणली होती. पेला टेबलावर होता आणि टेबलामागे मेजरसाहेब, नाडगौडा वकील आणि पलटणीचा एक कारकून बसले होते.

वकिलांनी बाळगोंडाला जवळ बोलावून हळूच विचारले, "इंग्रजी शब्द ठाऊक आहे ना?"

"आठ वरसं झाली. इसरलेलो न्हाय."

"मग त्यांच्याच भाषेत म्हणा. एकच शब्द. डिस्क्वालिफाइड."

मेजरने छावणीच्या हिंदुस्थानीत विचारले, "पंच, तुमने क्या देखा? बोलो."

"सोल्जरनं बाटली दिली. ह्यानं पानी घेतलं. मी बगितलं."

मैदानावर पुन्हा ओरडा झाला. मेजरने हात वर करून तो थांबवला आणि डॉसनकडे पाहिले. डॉसन अंगावर पंचा घेऊन उभा होता. त्याने काही लपवले नाही. हो, म्हणाला, घेतले. बाटली माझ्या मित्राची.

टेबलावर पाणी असताना ते का घेतले नाही, असे मेजरने विचारले. डॉसन थोडा गोंधळला. उत्तर मेजरलाही ठाऊक असायला हवे होते, असा त्याचा चेहरा होता. वकील त्याचे बोलणे एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

"म्हणतो, हुकूम आहे. पलटणीच्या डॉक्टरची सक्त ताकीद आहे, बराकीबाहेरचं न उकळलेलं पाणी प्यायचं नाही. म्हणतो, मागच्या पावसाळ्यात माझ्या बराकीतली दोन मुलं पोटाच्या आजारानं गेली. एक माझ्या गावचा होता." इथे वकिलांनी आवाज चढवला. "म्हणजे ऐकलंत? आपलं पाणी यांना विष वाटतं!"

"आमचं पानी घाण व्हय रं?" कुणीतरी ओरडले.

"ह्येच पानी आमचा बा पितोय, आजा पेला!"

"बाद करा त्येला!"

आमचा बा पितोय. बाळगोंडाच्या कानात ते शब्द राहिले. हेच वाक्य त्याने कुठेतरी ऐकले होते. तेच पाणी आमचे मेयर पितात. ते म्हणणारा पंच आता त्याला डोळ्यांपुढे दिसला : तांबूस मिशांचा, वाईट नसावा असा माणूस. त्याच्या आवाजात राग नव्हता, मन दुखावल्यासारखे काहीतरी होते. सकाळी डॉसनने पेला नाकारला तेव्हा बाळगोंडाला जे लागले होते, ते तेच.

"वकीलसाब," तो म्हणाला, "त्येला इचारा, हुकूम मोडला तर काय हुतं?"

वकिलांनी नाखुशीने विचारले. "म्हणतो, बराकीत कोंडतात. आणि डॉक्टर म्हणतो तसं झालं, तर तिथंही जायची गरज पडत नाही."

"ती बाटली द्या."

सायकलवरचा सोल्जर पुढे आला आणि त्याने बाटली दिली. बाळगोंडाने बूच काढले, थोडे पाणी तळहातावर घेतले आणि त्याचा वास घेतला. नुसते पाणी होते. त्याने ते तोंडाला लावले नाही, जमिनीवर सोडले.

"वकीलसाब, मी विलायतेहून आलो तवा ह्याच मैदानावर तुमी बोललासा. आठवतंय?"

"पुष्कळ बोललो होतो."

"तानलेल्याला पानी द्यायला जे लबाडी म्हनत्यात, त्येंच्याकडनं न्याय शिकायचा न्हाय, म्हनलासा."

"ते तुमच्याबद्दल होतं, बाळगोंडा."

"व्हय. माझ्याबद्दलच हुतं."

वकिलांनी पुढ्यातला नियमाचा कागद पाहिला.

"ह्येला बाद केलं, तर मला बाद केलतं ते बी बरोबर ठरतंय," बाळगोंडा म्हणाला. "मग मी आठ वरसं उगंच जळत हुतो. आनि ज्या माउलीनं मला नेम घातला..." हे वाक्य त्याने पुरे केले नाही. त्याने गर्दीकडे वळून विचारले, "भरमू, जाताना मच्छेत तुला चुलतीनं काय दिलं रं?"

भरमू लोकांच्या खांद्यावरून खाली उतरला. "ताक."

"टेबलावरचं?"

"न्हाय."

"म्हंजी बाहेरच्या मान्सानं दिलं."

गर्दीतून मालुबाईचा आवाज आला. ती बैलगाडीतून मैदानावर पोचली होती. "बाहेरची कोन रं? चुलती हाय मी त्येची! माझ्या मांडीवर मोठा झालाय!"

लोक हसले, पण सकाळच्यासारखे नाही.

"व्हय मावशी," बाळगोंडा म्हणाला. "आनि त्यो सायकलवाला ह्येचा दोस्त हाय. माझ्या डोळ्यांम्होरं तू ताक पाजलंस आनि मी हसलो. झेंडा वर करायचं माझ्या मनातबी आलं न्हाय. एकदा वर गेलेला झेंडा दोनदा जायला पायजे हुता, न्हायतर एकदाबी न्हाय."

"क्या बोला?" मेजरने विचारले.

नाडगौडा वकील उठून उभे राहिले. मग त्यांनी सगळे इंग्रजीत सांगितले. मालुबाईचे ताक सांगितले, १९२९ चा तांब्या सांगितला, आणि मैदानावरचे आपले स्वतःचे जुने वाक्यही सांगितले. काही गाळले नाही, काही वाढवले नाही. त्यांना ते जड गेले हे त्यांच्या आवाजावरून कळत होते.

मेजरने पाईप तोंडातून काढला. तांब्याची गोष्ट त्याला नवी होती. त्याने विचारले, "तो पंच का फैसला?"

बाळगोंडाने झेंडा काठीला गुंडाळला आणि टेबलावर ठेवला.

"झेंडा मागं घेतो. पयला आला त्यो पयला."

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. शिव्या आल्या. 'साहेबाचा हुजऱ्या' हा त्यांतला सगळ्यांत सौम्य शब्द. एक चप्पल आली, ती कारकुनाला लागली. पेला डॉसनला मिळाला. डॉसन बाळगोंडाजवळ आला, त्याने हात पुढे केला आणि एक लांबलचक वाक्य म्हटले. बाळगोंडाला त्यातले 'थँक्यू' तेवढे कळले. त्यालाही पुष्कळ सांगायचे होते, पण दोघांना सामाईक अशी भाषा नव्हती आणि वकील तोवर निघून गेले होते. त्याने डॉसनचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्याकडे बोट दाखवून मान हलवली : खांदे शेवटी हलत होते. डॉसनला ते कळले. तो हसला.

भरमू मैदानाच्या कडेला पायाला फडके गुंडाळत बसला होता.

"अण्णा, माझा पेला घालवलासा तुमी," तो वर न बघता म्हणाला.

"व्हय."

"ताकाबिगर बी मी पळालो असतो."

"ठाऊक हाय मला. म्हनूनच सांगतो, शेवटच्या वळणाला तू आतनं यायला पायजे हुतास. बाहेरनं आलास. छातीभर तिथंच गेलं."

बाळगोंडा निघाल्यावर भरमूने मागून विचारले, "आतनं म्हंजी कुटनं? पानपोईच्या कडंनं?"

"त्येच्याबी आतनं."

पुढच्या आठवड्यात एका मराठी साप्ताहिकाने लिहिले, की ज्याला देशाने डोक्यावर घेतले त्यानेच देशबांधवाच्या हातचा पेला काढून परक्याला दिला. मुंबईच्या एका इंग्रजी पत्राने बातमीला चार ओळी दिल्या : पंचाने उत्तम खिलाडूपणा दाखवला, आणि विलायतेत त्याला मिळालेला नियमाचा धडा वाया गेला नाही असे दिसते. दोन्ही पत्रे बाळगोंडाला कुणीतरी वाचून दाखवली. इंग्रजी पत्राचा मजकूर ऐकताना तो जास्त चिडला.

पण ते नंतरचे. शर्यतीच्या दिवशी तो दुपारच्या सर्व्हिस मोटारीने निपाणीला उतरला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. मोटारीच्या अड्ड्यावरचा हमाल तंबाखूचा बोद खाली टाकून उभा राहिला.

"काय तांब्या, साहेबाला पानी पाजलंस म्हनं?"

इतक्या वर्षांत बाळगोंडाने अशा हाकेला उत्तर दिले नव्हते.

"पाजलं की," तो म्हणाला. "तुला पायजे काय?"

हमालाने बोद पुन्हा पाठीवर घेतला. बाळगोंडा अकोळच्या रस्त्याला लागला. बाजार ओलांडल्यावर तो थोडा वेळ चालला आणि मग, धोतर वर खोचून, सावकाश पळू लागला.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरायला आले होते. जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणे उरकतात. चुलीवर भाकरी चालू होत्या. राजमती पडवीत घागरीला फडके बांधून पाणी गाळत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. बाळगोंडा उंबऱ्यावर बसला. तिला कुणीतरी सांगितले असणारच, पण तिने आपण होऊन विचारावे म्हणून तो थांबला. फडक्यातून पाणी पडायचा आवाज तेवढा येत होता.

"बाद केलास?" तिने शेवटी विचारले.

"न्हाय."

तिचा हात थांबला. "का रं? त्येनं बी पानी घेतलं म्हनत्यात लोक."

"घेतलं. त्येला बी कुनीतरी नेम घातलाय आई. बाहेरचं पानी प्यायचं न्हाय म्हनून."

"कुनी? आईनं?"

"डागदरनं. उकळलेलं पानीच प्यायचं, न्हायतर न्हाय. ते टेबलावर नव्हतं, म्हनून दोस्ताकडनं घेतलं."

राजमती त्याच्याकडे वळली. तोंड ओले नव्हते, पण तिने पदराने ते पुसले.

"म्हंजी तुझ्यासारखंच."

"व्हय. माझ्यासारखंच. त्येची चूक नव्हती, आनि माझीबी नव्हती. कुनाचीच नव्हती."

मग तिने फडक्याचे टोक घागरीच्या गळ्याला पुन्हा घट्ट आवळले आणि कळशी उचलली. या खेपेला ती पाठ करून बसली नाही. लेकाकडे तोंड करूनच पाणी ओतू लागली.

"उकळत्यात ते बरं करत्यात," ती म्हणाली. "पर आदी गाळत्यात काय ते इचारलंस का?"